शेड मामाचं, कोंबडी कंपनीची

फूड इंक बघितली एकदाची. अमेरिकेतल्या खाण्याच्या धंद्यावरची 2008 ची डॉक्युमेंटरी फिल्म आहे, म्हणजे मी किती उशिरा पोचले बघा, लोकांनी बघून, हळहळून, आठ दिवस चिकन सोडून परत धरल्यालाही जमाना झाला. नवऱ्याने रविवारी दुपारी लावली. मी म्हटलं जेवताना नको, तर म्हणे अगं खाण्यावरचीच आहे. ताटात अर्थातच चिकन. अर्ध्या तासात त्याने ताट सरकवलं. मी नाही सरकवलं. मी रस्सा-भात पूर्ण खाल्ला, वर कांदा मागून घेतला, कारण समोर जे चाललं होतं त्याची मला किळस येतच नव्हती, ते सगळं ओळखीचं वाटत होतं. तेच लांबलचक शेड, तेच पंखे, तोच सकाळी उठून मेलेले पक्षी वेचत जाणारा माणूस. माझ्या मामाचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं शेड आहे, संगमनेरच्या पुढे, पाच हजार पक्ष्यांचं.

तर आधी फिल्म सांगते, मग मामाचं. तसं ते वेगवेगळं राहणार नाहीये म्हणा.

रॉबर्ट केनर नावाचा दिग्दर्शक आहे आणि सोबत एरिक श्लॉसर आणि मायकल पोलन हे दोन लेखक, दोघं मधूनमधून येऊन समजावून सांगतात. सुरुवात सुपरमार्केटात. चकचकीत रॅक, ट्रॉली ढकलणारे लोक, आणि सांगतात की अमेरिकेतल्या एका साध्या सुपरमार्केटात सरासरी 47 हजार वस्तू असतात. पाकिटांवर हिरवं कुरण, लाल गोठा, कुंपण. आणि मग म्हणतात की पाकिटावर दाखवलेलं हे शेत आता कुठे शिल्लकच नाहीये. टोमॅटो हिरवेच तोडायचे आणि नंतर इथिलीन गॅसने लाल करायचे, हे तिथे मोठं भयंकर म्हणून सांगितलंय. आम्ही दोघं हसलो. आपल्याकडे कार्बाइडला बंदी आहे आणि इथिलीन रीतसर चालतं, म्हणजे त्यांचं जे भयंकर ते आपलं सुधारलेलं.

मग मॅकडोनाल्डची गोष्ट. त्या भावांनी आधी गाडीत बसून खायचं हॉटेल काढलं होतं, वाढणाऱ्या पोरी होत्या, मग त्यांनी सगळं काढून टाकलं आणि किचनलाच कारखाना केला, एका माणसाने एकच काम करायचं, बटाटे तर बटाटे, पॅटी तर पॅटी. आता एवढा मोठा गिऱ्हाईक जर देशभर एकाच चवीची पॅटी मागायला लागला तर माल देणारे पण मोठेच लागणार ना. सत्तरच्या दशकात बीफच्या पहिल्या पाच कंपन्यांकडे बाजाराचा पाव हिस्सा होता, फिल्म बनली तेव्हा पहिल्या चार कंपन्यांकडे 80 टक्क्यांच्या वर. मग भले तुम्ही बर्गर आयुष्यात खाऊ नका, घरी आणलेलं मांस त्याच कारखान्यातून येतं. हे सगळं ठीक आहे, माहितीपूर्ण वगैरे. मी खरी सरसावून बसले ते कोंबड्यांना सुरुवात झाल्यावर.

1950 च्या सुमाराला कोंबडी विक्रीला यायला साधारण 70 दिवस लागायचे. फिल्म म्हणते आता 48. आणि तेवढ्यात ती आधीपेक्षा दुप्पट मोठी होते. लोकांना छातीचं पांढरं मांस आवडतं म्हणून छाती मोठी केलेली, पण हाडं आणि आतले अवयव त्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे पक्षी दोन पावलं टाकतो आणि बसतो. ते दृश्य आहे फिल्ममध्ये. दोन पावलं, बसला. परत उठला, बसला. नवऱ्याने ताट इथे सरकवलं.

मामाकडे 38-40 दिवसांत बॅच उठते, दोन-सव्वादोन किलोला. शेड नवीन होतं तेव्हा सुट्टीत जायचो तर आम्हाला वाटायचं हे पक्षी आळशी आहेत. गावठी कोंबडी कशी हुशार, उकिरडा उकरत गावभर फिरते, आणि ह्या आपल्या बसलेल्या. आळशी म्हणे.

इथे एक सांगून टाकते, कारण दर फॅमिली ग्रुपवर ते येतं. कोंबड्यांना हार्मोनचं इंजेक्शन देऊन फुगवतात, असं. पाच हजार पक्ष्यांना एकेक पकडून इंजेक्शन कोण देत बसणार आहे हो, मामाकडे दीड माणूस आहे कामाला, एक गडी आणि अर्धी मामी. अमेरिकेत तर कोंबड्यांना हार्मोन द्यायला पन्नासच्या दशकापासून बंदी आहे. वाढ होते ती जातीमुळे आणि खाद्यामुळे. आणि ही जात आली कुठून ते फिल्ममध्ये एवढं नाहीये, पण मी नंतर वाचत बसले आणि मला जी गोष्ट सापडली ती फिल्मपेक्षा भारी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एका मोठ्या किराणा साखळीने स्पर्धा लावली, उद्याची कोंबडी म्हणून. जास्तीत जास्त मांस, रुंद छाती, कमीत कमी दिवसांत, असं काहीतरी पैदा करून दाखवा. 1948 ला देशपातळीवरची फायनल झाली आणि जिंकला कॅलिफोर्नियाचा चार्ल्स व्हॅन्ट्रेस नावाचा ब्रीडर. त्याच्या नावाची कंपनी पुढे मोठी झाली, टायसन नावाच्या बड्या चिकन कंपनीने घेतली, मग कॉब नावाच्या दुसऱ्या जातीवाल्यांबरोबर एकत्र होऊन कॉब-व्हॅन्ट्रेस झाली. आणि कॉबची जात पुण्याच्या वेंकीजवाल्या ग्रुपने इकडे आणून वाढवली ती वेनकॉब. मामाच्या शेडमध्ये जी येते ती! म्हणजे संगमनेरच्या पुढे, कोपऱ्यातल्या एका वस्तीवर जे पिल्लू खोक्यातून उतरतं त्याचं खानदान अमेरिकेतल्या किराणा दुकानाच्या स्पर्धेपर्यंत जाऊन पोचतं. मी हे मामाला सांगितलं तर म्हणाला, मग काय, बक्षिसाचे पैसे आपल्याला पण द्या म्हणावं.

बरं, फिल्म. आता जे येतं त्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलंय. कॅमेरावाल्यांना कोंबड्यांचं शेड आतून बघायचंय. टायसन, पर्ड्यू, ह्या बड्या चिकन कंपन्यांपैकी कुणी मुलाखत द्यायला तयार नाही. एक शेतकरी आधी हो म्हणतो, शेड दाखवतो म्हणतो, आणि मग कंपनीची माणसं त्याच्याकडे दोन-तीनदा येऊन जातात आणि तो नाही म्हणतो. बिचारा बाहेर उभा राहून बोलतो, मागे शेड, दार बंद, हे आपलंच आहे आणि आपणच उघडू शकत नाही. मग मेरीलँडमधली एक बाई म्हणते, मी दाखवते, मला आता फरक पडत नाही. आत धूळ, पिसं, घाण, ती तोंडाला मास्क लावून मेलेले पक्षी गोळा करत चाललीय. खाद्यात अँटिबायोटिक इतकी वर्षं हाताळून तिला स्वतःलाच अँटिबायोटिकची ॲलर्जी झालीय, आता आजारी पडली तर औषध चालत नाही. आणि शेवटी पाटी येते की कंपनीने तिचं कंत्राट संपवलं, कारण नवीन पद्धतीचं पूर्ण बंद, अंधारं शेड करायला ती तयार झाली नाही.

आणि आकडे. दोन शेड असलेल्या सर्वसाधारण शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज पाच लाख डॉलरच्या वर, आणि वर्षाची कमाई 18 हजार डॉलरच्या आसपास. कर्ज शेतकऱ्याचं. शेड शेतकऱ्याचं. मेलेला पक्षी फेकायचं काम शेतकऱ्याचं. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, कोंबडी कंपनीची.

मी नवऱ्याला म्हटलं, अरे हा मामाचा कागद आहे.

आता मामाचं. 2011-12 च्या सुमाराला डाळिंबावर तेल्या रोग आला, बाग काढली, आणि त्या जागेवर बँकेचं कर्ज काढून शेड बांधलं. करार असा की कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून टाकणार, खाद्य पाठवणार, औषधं, लसी, सगळं. मामाने शेड, पाणी, लाइट, तूस, मजुरी बघायची. बॅच उठली की किलोमागे ठरलेला चार्ज. तो किलोला सहा-सात रुपयांत फिरतो, बाजारात चिकन दोनशे असो नाहीतर तीनशे. म्हणजे टीव्हीवर चिकन महागलं अशी बातमी आली की सोसायटीतल्या बायका मला विचारतात, तुझ्या मामाची मजा आहे गं, आणि मामाला ती बातमी टीव्हीवरूनच कळलेली असते.

त्यात परत एफसीआर. पोल्ट्रीवाल्याशी पाच मिनिटं बोला, पंचवीस वेळा हा शब्द येईल. म्हणजे एक किलो वजन धरायला पक्ष्याने किती किलो खाद्य खाल्लं. दीड-पावणेदोनच्या आत बसला तर ठीक, वर गेला की चार्जमधून कट. पण खाद्याची पोती कंपनीची, त्यातला माल कंपनीचा, पिल्लं कंपनीने निवडलेली, आणि एफसीआर नाही बसला तर चूक मामाची. एकदा पिल्लंच अशक्त आली होती, पहिल्या आठवड्यात मर लागली, रोज सकाळी बादलीभर. मामाने फोन केले, सुपरवायझर येऊन बघून गेला, हो पिल्लं हलकीच आहेत असं तोंडी म्हणाला सुद्धा. हिशोबाच्या कागदावर मात्र तसं काही आलं नाही. ती बॅच लाइटबिलात आणि तुसात गेली. कुणाशी भांडणार, नाव घेऊन भांडलं की पुढची बॅच पंधरा दिवस उशिरा येते, आणि रिकामं शेड कर्जाचा हप्ता थांबवत नाही.

पण हे लिहिताना मला उगाच रडगाणं पण गायचं नाहीये, कारण मामाला विचारलं तर तो म्हणतो करार बरा. आणि त्याचं कारण आहे. 2020 आठवतंय ना, फेब्रुवारी-मार्च, चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली होती? भाव इतके पडले की लोक जिवंत कोंबड्या फुकट वाटत होते, काहींनी पिल्लं खड्ड्यात पुरली. तेव्हा ज्यांचा स्वतःचा माल होता ते बुडाले ते बुडालेच. मामाच्या पुढच्या वस्तीवरच्या एकाने शेड विकलं. मामाला चार्ज उशिरा आला पण आला, कारण कोंबडी त्याची नव्हतीच! त्याआधी 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, देशातला पहिला, तेव्हा मामाचं शेड नव्हतं पण त्याच्या डोक्यात ते नवापूर अजून बसलेलं आहे. तो म्हणतो, भाव वाढल्याचं सुख नको, पडल्याचं दुःख नको. फिल्ममध्ये ही बाजू अजिबात नाहीये. कंपन्यांनी बोलायला नकार दिला हे खरं, पण शेतकरी लोक करारात का शिरतात हे तरी सांगायचं की, ते काय वेडे नाहीत.

मी पिल्लं उतरवताना एकदाच होते तिथे, मागच्या डिसेंबरात. पहाटे चारला टेम्पो आला. शेडचे पडदे खाली सोडलेले, आत शेगड्या पेटवून ऊब केलेली, तुसावर जुने पेपर अंथरलेले आणि पेपरवर बारीक खाद्य भुरभुरलेलं, म्हणजे पिल्लांनी उतरल्या उतरल्या टिपायला शिकावं. एका खोक्यात शंभर. मामी खोकं तिरकं करते आणि पिवळा लोंढा सांडल्यासारखी पिल्लं बाहेर. सहा तासांनी मामा एकेक पिल्लू उचलून अंगठ्याने गळ्याखाली चाचपत होता, पोटा, म्हणजे गळ्याखालची खाद्याची पिशवी, भरलाय का बघायला. हाताने. पाच हजारातली शंभरेक तरी. आणि मग ज्यांचा पोटा रिकामा त्यांची चोच पाण्यात बुडवून सोडायची. इतक्या हलक्या हाताने तो आमच्या पोरीला पण कधी धरत नसेल. फिल्ममधला आवाज म्हणतो की ह्यात शेती राहिलेली नाही, कारखाना झालाय. बरोबर आहे, पण त्या कारखान्यात पहाटे चारला एक माणूस बसून पोटे चाचपतोय, ते कुठल्या खात्यात टाकायचं मला कळत नाही.

असो. फिल्म पुढे मक्याकडे जाते, आणि तो भाग जरा भरभर सांगते. अमेरिकेतली 30 टक्के जमीन मक्याखाली असं फिल्म म्हणते, सरकार सबसिडी देतं, उत्पादन खर्चापेक्षा स्वस्तात मका मिळतो, म्हणून तो सगळ्यात. सिरप, केचप, कोल्ड्रिंक, अगदी डायपर आणि बॅटरीत. आणि जनावरांच्या खाद्यात. गायीने गवत खायचं तर तिला मका चारायचा, दाटीवाटीने शेणात उभी करायची, आणि मग ई कोलाय ह्या जिवाणूचा एक घातक प्रकार वाढतो, तो कत्तलखान्यातून मांसात. स्वस्त अमेरिकन मका मेक्सिकोत घुसला तेव्हा तिथल्या 15 लाख शेतकऱ्यांची शेती बुडाली, आणि त्यातलेच लोक कागदपत्रांशिवाय अमेरिकेत येऊन नॉर्थ कॅरोलिनातल्या डुकरांच्या कत्तलखान्यात कामाला लागले, जिथे दिवसाला 32 हजार डुकरं कापतात. पोलीस पहाटे येऊन त्यातल्या थोड्या थोड्या लोकांना घेऊन जातात, कंपनीचं काम न थांबता. हे मला सगळ्यात थंडपणे केलेलं वाटलं, म्हणजे फिल्ममधल्या लोकांनी नव्हे, सिस्टीमने.

आपल्याकडे मका म्हटलं की मुख्य म्हणजे कोंबडीचं खाद्य. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत इथेनॉलवाले पण मक्याला लागले, तर 2024 ला आपल्याला चक्क मका बाहेरून आणायला लागला, जो देश बाहेर पाठवायचा. खाद्य महागलं की कंपनी एफसीआरवर अजून कडक. असा तो मका फिरून परत मामाच्या अंगणात.

केविनची गोष्ट मात्र भरभर नाही सांगता येत. अडीच वर्षांचा मुलगा, 2001 साली ई कोलाय होऊन गेला. धडधाकट पोर, बारा दिवसांत संपलं. त्याची आई नंतर वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला खेटे घालते, एकच मागणं, की ज्या कारखान्यातून वारंवार घाण मांस निघतं तो बंद करायचा अधिकार सरकारी खात्याला द्या. त्या कायद्याला केविनचंच नाव. फिल्म बनली तोवर तो पास झालेला नव्हता. आणि मग मुलाखतीत तिला विचारतात की तू स्वतः आता काय खातेस, काय टाळतेस, तर ती म्हणते मी नाही सांगू शकत. का? तर तिथल्या काही राज्यांत असे कायदे आहेत की अन्नाची बदनामी केली म्हणून कंपन्या तुमच्यावर खटला भरू शकतात. टीव्हीवरच्या ओप्रा विनफ्रेवर टेक्सासच्या गोठेवाल्यांनी भरला होता, 1996 च्या कार्यक्रमावरून, ती 1998 ला जिंकली पण ती ओप्रा होती, तिच्याकडे वकील लावायला पैसे होते. स्वतःचं पोर गेलेली बाई मी काय खाते एवढं बोलू शकत नाही! परत तेच, दार बंद.

मांसातले जंतू मारायला एक कंपनी काय करते, तर उरलंसुरलं मांस अमोनियाने धुते आणि त्याच्या विटा करून बर्गरमध्ये मिसळायला विकते, आणि दाखवणारा माणूस अभिमानाने दाखवतो. पुढे 2012 मध्ये ह्याच मालावरून पिंक स्लाइम म्हणून तिकडे केवढा गदारोळ झाला. एक गरीब कुटुंब आहे, आईबाप दिवसभर कामावर, गाडीतच डॉलरच्या बर्गरवर जेवण, दुकानात पोरगी ब्रोकोलीचा भाव बघून परत ठेवते. बापाला डायबेटीस, भाजी घ्यायची की गोळ्या घ्यायच्या, असा हिशोब. ह्यावर मी जास्त बोलणार नाही, आमच्या शाळेच्या गेटबाहेर पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट मिळतं आणि एक केळं मात्र पाचला मिळत नाही, रोज बघते.

बियाण्याचा भाग नीट बघा पण. मोन्सॅन्टो ह्या बियाणं कंपनीचं तणनाशक सहन करणारं सोयाबीन 1996 ला आलं आणि 2008 पर्यंत अमेरिकेतलं 90 टक्क्यांच्या वर सोयाबीन ह्याच प्रकारचं. बियाण्यावर पेटंट, त्यामुळे शेतकऱ्याने घरचं बी राखून पेरलं तर पेटंटचा भंग, कंपनी खटला भरणार. एक म्हातारा, ज्याचा धंदा नुसता शेतकऱ्यांचं बी चाळून साफ करून देण्याचा, त्याच्यावर खटला, की तू लोकांना पेटंट मोडायला शिकवतोस. आणि हे जिवंत गोष्टीवर पेटंट घेणं सुरू कुठून झालं तर 1980 च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून, आणि त्या खटल्यातलं नाव आहे आनंद चक्रवर्ती. आपले बंगाली शास्त्रज्ञ! तेल खाणारा जिवाणू बनवला होता त्यांनी, जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना. कोर्टात पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. एका मताने.

आपल्याकडे कायदा उलटा आहे, आणि हे जेवढ्या शेतकऱ्यांना माहीत असायला हवं तेवढ्यांना नाहीये. 2001 च्या पीक वाण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचा सुद्धा हक्क आहे, फक्त ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. म्हणूनच 2019 ला पेप्सिकोने गुजरातच्या बटाटेवाल्या शेतकऱ्यांवर चिप्सच्या वाणावरून कोटी-कोटीचे दावे टाकले तेव्हा बोंबाबोंब झाली आणि दावे मागे घ्यावे लागले. पण कागदावर हक्क असून उपयोग किती? आपल्याकडे बीटी कापूस 2002 ला आला तो जवळजवळ सगळा हायब्रिडच, त्याचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर धड पीकच येत नाही, म्हणजे कायदा एका हाताने देतो आणि हायब्रिड दुसऱ्या हाताने काढून घेतं, पोलीस पाठवायची गरजच नाही. मामाच्या इथून जवळच, अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे गावठी बियाणं राखतात, पद्मश्री मिळाली त्यांना, मामी एकदा जाऊन वालाचं बी घेऊन आली. ते वाल तिच्या परसात आहेत. कोंबड्यांच्या शेडच्या मागेच, त्या शेडमधल्या खताची, म्हणजे विष्ठा मिसळलेल्या तुसाची, मेहेरबानी.

आशेचा भाग म्हणून व्हर्जिनियातला जोएल सॅलाटिन आहे, पॉलीफेस नावाचं त्याचं शेत. गायी गवतात, कोंबड्या गवतात, कोंबड्या उघड्यावर सगळ्यांसमोर कापतात, ज्याला बघायचंय त्याने या आणि बघा. तो बोलतो मजेशीर, टोपी घालून, डुकराच्या पाठीवर थोपटत. सरकारी लोक त्यालाच बंद करायला आले होते, का तर भिंती नाहीत म्हणून! मला तो आवडला, पण फिल्म त्याच्या प्रेमात जरा जास्तच पडलीय. त्याच्याकडे लोक गाडी काढून लांबून अंडी घ्यायला येतात, ते डॉलरचा बर्गर खाणारं कुटुंब तिथे कसं पोचणार हे कुणी विचारत नाही. मग वॉलमार्ट ऑरगॅनिक दही घ्यायला लागलं म्हणून आनंद, आणि शेवटी पाट्या येतात की तुम्ही दिवसातून तीनदा मत देता, स्थानिक घ्या, हंगामातलं घ्या, वगैरे. एवढा दीड तास कंपन्या, कायदे, कोर्ट, सबसिडी दाखवून शेवटी सगळं माझ्या पिशवीवर ढकललं की! त्या मेरीलँडच्या बाईचं कर्ज माझ्या पिशवीने कसं फिटणार होतं?

तर हे सगळं मनात घेऊन मी मागच्या महिन्यात मामाकडे गेले आणि लॅपटॉप उघडून म्हटलं, मामा बसा, तुम्हाला एक दाखवते. इंग्रजी त्याला कळत नाही, मी सांगत होते. मका आणि मॅकडोनाल्ड त्याने कंटाळत बघितलं. शेड आलं तसा पुढे सरकला. चष्मा लावला. ती बाई मेलेले पक्षी उचलत होती तर म्हणाला, एवढी मर? तूस ओलं आहे तिचं, वास येत असणार. पाच लाख डॉलर म्हणजे किती गं, असं विचारलं, मी त्या वेळच्या भावाने अडीच कोटी म्हटल्यावर मामीकडे बघून नुसत्या भुवया वर केल्या. आपलं तरी अठराच लाख होतं, असं मामी म्हणाली. कंत्राट संपवलं, अंधारं शेड बांधलं नाही म्हणून, हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला थोडा वेळ. मग म्हणाला, आपल्याला पण म्हणतायत ना, ईसी शेड करा. पूर्ण बंद, पंखे, कूलिंग पॅड, सगळं ऑटोमॅटिक. सुपरवायझर दर बॅचला विषय काढतो. उन्हाळ्यात मर होत नाही म्हणे त्यात, आणि ते खरं आहे, बघून आलोय मी एकाकडे. कर्ज मात्र परत पहिल्यापासून. मी साठीला आलो.

मी विचारलं, मग नाही म्हणणार?

नाही कशाला म्हणू, बघू म्हणतो, असं म्हणाला. दर वेळी बघू म्हणायचं.

मग आम्ही शेडवर चक्कर मारली, पंचविसावा दिवस होता बॅचचा. तंगूस लावलेल्या पाण्याच्या लाइनी तो वर उचलत चालला होता, पक्षी वाढले की लाइन वर घ्यावी लागते. मी सवयीने फोन काढला तर हात वर केला. फोटो काढ, पण कुठे टाकू नको बाई, फेसबुक बघतात ते लोक. म्हणून इथे फोटो नाहीये.

रात्री जेवताना बराच वेळ काही बोलला नाही. मामीने भाकरी वाढली, बाहेर जनरेटर चालू झाला, लाइट गेली होती. मला वाटलं फिल्म डोक्यात फिरतीय, वाईट वाटलं असेल, उगाच दाखवली. तेवढ्यात म्हणाला, अगं त्या बाईने दाखवलं सगळं, पण एक नाही सांगितलं.

काय?

तिचा एफसीआर किती होता?